चेनसॉ मिल घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःच्या ओंडक्यांच्या फळ्या स्वतःच चिरायच्या म्हणून कमी खर्चाची चेनसॉ मिल शोधणारे हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, अडचणीचे पुढे आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चेनसॉ मिल म्हणजे नक्की काय? तिला वेगळं इंजिन असतं का?

नाही. मिल म्हणजे फक्त एक चौकट. ती तुमच्या चेनसॉच्या बारला (ज्या लांब पट्टीभोवती चेन फिरते तिला) पकडते आणि ओंडक्यावरच्या एखाद्या सपाट पृष्ठभागावरून सरकते. चौकटीच्या दांड्यांपासून चेन जेवढी खाली, तेवढी जाड फळी. कापायचं सगळं काम सॉ आणि चेन करतात, चौकट बारला एका पातळीत धरून ठेवते, एवढंच. त्यामुळे कोणती मिल घ्यावी हे ठरवण्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात: सॉ किती सीसीचा आहे, ओंडके किती जाड आहेत आणि फळ्या हव्यात की तुळया.

२. प्रकार किती आणि त्यातला स्वस्त कोणता?

सगळ्यात स्वस्त म्हणजे उभा काप घेणारी छोटी मिल. ओंडक्यावर एक सरळ लाकडी पट्टी किंवा लोखंडी पट्टीचा रूळ ठोकायचा आणि बारला लावलेली ही पकड त्यावरून सरकवायची. ओंडक्याच्या चार बाजू काढून चौकोनी तुळई करायला आणि फळ्यांच्या सालीच्या कडा सरळ करायला ती उत्तम. पण रुंद फळ्या तिच्याने निघत नाहीत.

दुसरी अलास्कन मिल. ती बारला दोन्ही टोकांना पकडते, आडवी सरकते आणि रुंद फळ्या काढते. बहुतेकांच्या मनात असते ती हीच. तिचीच छोटी आवृत्ती बारला एकाच बाजूने पकडते. ती हलकी आणि स्वस्त असते, पण साधारण ४० सेमीच्या पुढे बारचं मोकळं टोक खालीवर होतं.

तिसऱ्या प्रकारात ओंडका स्टँडवर ठेवतात आणि सॉ धातूच्या रुळावरून धावतो. काम जास्त अचूक होतं, कंबरही वाचते. मात्र खर्च कितीतरी वाढतो आणि जड ओंडका स्टँडवर चढवावा लागतो. ओंडका पडला असेल तिथेच चिरायचा असेल तर अलास्कन घ्या. फक्त खांब आणि तुळया हव्या असतील तर उभी मिल पुरे.

३. माझा सॉ ५० सीसीचा आहे. चालेल का?

चालेल, पण ओंडका लहान हवा. चिरताना इंजिन कित्येक मिनिटं पूर्ण भाराखाली असतं. आडव्या कापाला, म्हणजे ओंडक्याचे तुकडे पाडताना, असे मोजके सेकंदच लागतात. ओल्या, मध्यम कठीण लाकडासाठी हे अंदाज धरा:

५० सीसीच्या आसपास: २५ ते ३० सेमी रुंदी, लो-प्रोफाइल चेनवर (ही बुटक्या दातांची, अरुंद काप घेणारी चेन).
६० ते ७० सीसी: ४५ ते ५० सेमी.
९० सीसी आणि पुढे: ७० ते ९० सेमी.

लाकूड सुकं किंवा फार कठीण असेल तर एक पायरी खालची धरा. ताकद कमी असली तरी फळी निघते, वेळ मात्र इतका लागतो की हात दाब द्यायला लागतो आणि तिथून सगळं बिघडतं (प्रश्न ९). बजेट मर्यादित असेल तर आमचं मत ठाम आहे: चौकट साधी घ्या, उरलेला पैसा सॉ, चेन आणि पहिल्या कापाच्या रुळाकडे (प्रश्न ८) वळवा.

४. २४ इंची बारवर २४ इंच रुंद फळी निघते ना?

निघत नाही, आणि सगळ्यात जास्त चुकीची खरेदी इथेच होते. अलास्कन मिलची एक पकड बारच्या नाकाजवळ बसते, दुसरी इंजिनाजवळ. दोन्ही मिळून १० ते १५ सेमी रुंदी जाते. २४ इंची बार म्हणजे साधारण ६० सेमी, त्यावर प्रत्यक्षात ४५ ते ५० सेमीची फळी धरा. सॉच्या पुढचे टोकदार काटे काढून ठेवले तर दोन-तीन सेमी परत मिळतात आणि चौकटही नीट टेकते.

मिलवर लिहिलेलं माप म्हणजे तिच्यात बसणारा सर्वात लांब बार. ३६ इंची मिलवर २४ इंची बार बसतो, फक्त बाहेर आलेले दांडे अडचण करतात. उलट मात्र जमत नाही. पुढे मोठा सॉ घ्यायचा निश्चित विचार असेल तरच मोठी चौकट घ्या. नाहीतर आजच्या बारला पुरेल तेवढीच घ्या, ती हलकी आणि ताठ राहते.

५. स्वस्त मिल आणि महागडी मिल यांत फरक कुठे पडतो? घेताना काय पाहू?

फरक बहुतेक वेळा बोल्ट, पकडी आणि चौकोनीपणा या तीन ठिकाणी असतो. चौकट जुळवल्यावर सपाट फरशीवर ठेवा. एखादा कोपरा उचललेला दिसला तर ती पिळलेली आहे. उभे खांब गुण्याने तपासा. बार बसवा आणि दांड्यांपासून बारपर्यंतचं अंतर दोन्ही टोकांना मोजा. खांबावर छापलेल्या पट्टीवर विसंबू नका. स्वस्त मिलमध्ये दोन बाजूंच्या पट्ट्यांत एक-दोन मिमीचा फरक सहज सापडतो.

मग पकडी पाहा. त्या बारच्या मधल्या पट्ट्यावर बसल्या पाहिजेत. कडेच्या खाचेवर दाब आला की खाच मिटते आणि चेन जाम होते. नाकाकडची पकड नाकातल्या छोट्या चक्राच्या मागे हवी. तिने चक्र दाबलं तर बेअरिंग एका दिवसात जातं. अॅल्युमिनियमच्या पकडीतले आटे बोल्ट जास्त आवळल्यावर उतरतात, त्यामुळे पकडीला आरपार बोल्ट आणि नट असतील तर बरं.

स्वस्त मिलचे बोल्ट मऊ असतात. ते ८.८ ग्रेडचे घ्या आणि नायलॉनवाले लॉकनट लावा. इंजिनच्या थरथरीने साधे नट पहिल्याच कापात सैल होतात. शेवटचं, मिल बसवलेली असताना बारच्या नटांपर्यंत आणि चेनच्या ताणाच्या स्क्रूपर्यंत पाना पोहोचतो का ते बघा. चेन गरम होऊन सैल होतेच. दर वेळी मिल उतरवावी लागली तर लोक सैल चेनवरच काम रेटतात.

एवढ्या दुरुस्त्यांनंतर साधी मिलही उत्तम फळ्या देते.

६. मिल घरीच वेल्ड करून घेतली तर?

उभ्या कापाची करता येते. अलास्कनही लोखंडी चौकोनी नळीतून होते, पण वजन वाढतं आणि वेल्डिंगच्या उष्णतेने चौकट ओढली जाते. आधी सगळीकडे टाके मारून घ्या, कर्ण मोजा, मग समोरासमोरचे सांधे आलटून पालटून भरा. बारला भोक पाडायचं असेल तर थांबा: नाकाकडचं पोलाद कडक असतं, आणि चुकीच्या जागी पडलेलं भोक बार कमजोर करतं.

७. नेहमीची चेन चालते का, की लांबीत चिरण्यासाठीची रिपिंग चेन घ्यावीच लागते?

नेहमीच्या चेनने फळी निघते, पण हळू आणि खरबरीत. आडव्या कापाच्या चेनच्या दाताचा वरचा कोन २५ ते ३५ अंश असतो, कारण तिथे दाताला धागे बाजूने तोडायचे असतात. चिरताना दात धाग्यांच्या टोकांवर समोरून येतो. तिथे कोन १० अंशांच्या आसपास असला की पृष्ठभाग गुळगुळीत येतो आणि बार बाजूला ओढला जात नाही. जुनी चेन असेल तर दर धारेला कोन थोडा थोडा कमी करत न्या. एकदम १० अंशांवर आणू गेलात तर अर्धा दात कानशीत जातो.

कानस चेनच्या पिचप्रमाणे (पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर, इंचात): ३/८ लो-प्रोफाइलला ४ मिमी, .३२५ ला ४.८ मिमी, ३/८ आणि .४०४ ला ५.५ मिमी. दातापुढचा खोली ठरवणारा उंचवटा दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली ठेवा. लहान सॉवर तो आणखी घासायचा मोह होतो, पण मग दात जास्त लाकूड धरतो आणि इंजिन अडतं.

पेट्रोलच्या प्रत्येक टाकीनंतर धार लावा. कठीण लाकडात प्रत्येक कापानंतर. जाडसर भुश्याऐवजी पीठ पडू लागलं आणि सॉ आपणहून पुढे जाईनासा झाला की धार गेली. चिरताना भुसा आडव्या कापापेक्षा बारीकच पडतो, म्हणून धारदार चेनचा भुसा कसा असतो ते पहिल्या कापातच बघून ठेवा.

८. ओंडका गोल असतो. पहिला सपाट काप कसा घ्यायचा?

यासाठी रूळ लागतो, आणि फळ्यांचा दर्जा मिलपेक्षा या रुळावर जास्त ठरतो. नंतरचा प्रत्येक काप आधीच्या कापावरूनच सरकतो, त्यामुळे पहिल्यातला वाक शेवटच्या फळीपर्यंत जातो.

रूळ म्हणून अॅल्युमिनियमची सरळ शिडी, दोन सरळ वासे आडव्या पट्ट्यांनी जोडून, किंवा लोखंडी सी-चॅनलची जोडी चालते. लांबी ओंडक्यापेक्षा दोन्हीकडे २५ ते ३० सेमी जास्त हवी. नाहीतर चौकट आत शिरताना आणि बाहेर पडताना झुकते आणि टोकाला पायरी पडते.

आधी ओंडका जाड लाकडांवर ३० ते ६० सेमी उचलून ठेवा आणि दोन्ही बाजूंनी पाचरी मारून पक्का करा. हे आधी करायचं. रेषा मारल्यावर ओंडका फिरला तर सगळं पुन्हा. मग दोन्ही टोकांच्या तोंडांवर लेव्हल धरून आडवी रेषा मारा आणि त्या रेषेवर एकेक फळकूट स्क्रूने बसवा, वरची कड ओंडक्याच्या वर येईल असं. या दोन कडांवर रूळ ठेवून स्क्रू मारा. एका टोकाला उभं राहून दोन्ही कडा एकमेकींच्या रेषेत दिसतात का ते पाहा. पीळ असेल तर लगेच कळतो. रूळ मध्ये झोलत असेल तर दर मीटरभरावर खाली पाचर द्या.

ओंडका एका टोकाला बारीक असेल तर सालीवरून मोजू नका. दोन्ही तोंडांवर गाभ्याच्या मध्यापासून रुळापर्यंतचं अंतर सारखं ठेवा, म्हणजे गाभ्याजवळचे धागे फळीच्या लांबीत सरळ धावतील.

आता खोली. समजा रूळ ओंडक्याच्या सर्वात उंच जागेपासून ६० मिमी वर आहे आणि पहिला काप त्या जागेखाली ५० मिमीवर हवा आहे. मिल ११० मिमीवर लावा. मारलेले सगळे स्क्रू चेनच्या वाटेपासून किमान २० मिमी दूर राहतात का ते मोजा. अर्ध्या कापात चेनला स्क्रू लागला तर त्या फेरीतली सगळी धार गेलीच.

पहिला काप झाला की रूळ बाजूला ठेवा आणि मिल थेट सपाट भागावर चालवा. ओंडक्यातला ताण सुटत गेला की हा पृष्ठभाग हळूहळू वाकतो. तीन-चार फळ्यांनंतर त्यावर सरळ पट्टी ठेवून पाहा. उजेड दिसला तर रूळ पुन्हा लावा.

९. फळी कुठे जाड, कुठे पातळ निघते. मिल खराब आहे का?

बऱ्याचदा नाही. दोष कसा दिसतो त्यावरून कारण सापडतं.

एक कड सर्व लांबीत जाड, दुसरी पातळ: दोन खांब सारख्या मापावर नाहीत. पट्टी सोडून टेपने मोजा.

फळी मधोमध खोल किंवा फुगलेली: बार कापात वर किंवा खाली वाकतोय. एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा लांब किंवा जास्त धारदार असतात, चेन त्या बाजूला ओढते. कॅलिपरने दात मोजा आणि सगळे सर्वात आखूड दाताइतके करा. तरीही होत असेल तर बारच्या खाचेच्या दोन कडा समान उंचीच्या आहेत का बघा.

पृष्ठभागावर आडव्या रेघा: सॉ थांबवत किंवा मागेपुढे झुलवत नेला आहे. चाल सावकाश पण अखंड ठेवा.

लांब लाटा: बोथट चेन आणि जोर. धारदार चेनला फक्त दिशा द्यावी लागते. ओंडका थोडा उतरता ठेवून उताराच्या दिशेने कापलं तर वजनच मिलला पुढे नेतं. हे साधं आहे आणि खूप उपयोगी पडतं.

१०. किती लाकूड भुश्यात जातं? बँडसॉ मिल घेणं शहाणपणाचं नाही का?

साधी ३/८ चेन दर कापाला ८ ते ९ मिमी खाते, म्हणजे जवळजवळ तीन सूत. लो-प्रोफाइल ६ ते ७ मिमी, बँडसॉचं (पट्ट्यासारखी फिरणारी करवत) पातं २ ते ३ मिमी. पण नुकसान किती हे फळीच्या जाडीवर ठरतं. ३०० मिमी उंचीच्या चौकोनी ठोकळ्यातून २५ मिमीच्या फळ्या काढल्या तर ९ मिमीच्या कापाने ९ निघतात आणि अडीच मिमीच्या कापाने ११. त्याच ठोकळ्यातून ५० मिमीच्या काढल्या तर दोन्हीकडे ५च.

म्हणजे टेबलाच्या जाड फळ्या, पायऱ्या, तुळया यांसाठी चेनसॉ मिलने फारसं काही जात नाही. पातळ फळ्यांचा ढीग हवा असेल तर नुकसान खरं आहे. अशा वेळी ठोकळे जाड चिरा आणि पुढचं काम कारखान्यातल्या बँडसॉवर करून घ्या.

११. सॉ तापतो, अर्ध्यात बंद पडतो. पिस्टन जाणार का?

दुर्लक्ष केलं तर जाऊ शकतो. चिरकामात इंजिन पातळ मिश्रणावर, म्हणजे जास्त हवा आणि कमी पेट्रोल अशा स्थितीत चाललं की पिस्टन ओरखडतो. कार्ब्युरेटरला एच स्क्रू (पूर्ण वेगाला किती पेट्रोल जावं ते ठरवणारा) असेल तर तो डावीकडे एक अष्टमांश फेरा उघडा. भार नसताना पूर्ण थ्रॉटलला आवाज किंचित फडफडता यायला हवा आणि कापात शिरल्यावर तो स्वच्छ व्हायला हवा. काही नवीन सॉमध्ये हे जुळवणं आपोआप होतं, त्यांना स्क्रू नसतो.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल सॉच्या पुस्तिकेप्रमाणे टाका: ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलि, ४०:१ म्हणजे २५ मिलि. ऑइल जास्त टाकलं की पेट्रोलचा वाटा तेवढा घटतो, त्यामुळे प्रमाण बदललं तर स्क्रूही पुन्हा जुळवावा लागतो. एअर फिल्टर दर टाकीला झटका. सिलेंडरच्या पात्यांमध्ये भुसा बसू देऊ नका. काप संपल्यावर सॉ लगेच बंद न करता अर्धा ते एक मिनिट मंद चालू ठेवा, म्हणजे पंखा इंजिन थंड करतो. काप सुरू करण्याआधी टाकी भरा. पेट्रोल संपत येतानाचे शेवटचे काही सेकंद हवा जास्त जाते, आणि तीच सर्वात वाईट वेळ असते.

बारचं तेलही पाहा. ६० सेमीपेक्षा लांब बारवर सॉचा पंप कमी पडतो. नाकाजवळ ठिबकणारी जादा तेलाची बाटली लावा. बार निळसर झाला तर तेल पोहोचत नाही, हे नक्की.

१२. काप अर्ध्यात मिटतो आणि बार अडकतो.

कापामागे पाचरी मारत जा: पहिली ४० ते ५० सेमीवर, मग दर ६० सेमीला, दोन्ही कडांना. पाचर लाकडाची किंवा प्लास्टिकचीच हवी, लोखंडाची कधीही नको. पाचर फक्त काप उघडा ठेवण्यापुरती ठोका. जास्त ठोकली तर फळी उचलली जाऊन फाटते.

१३. विजेवरचा किंवा बॅटरीचा सॉ वापरता येईल?

वायरचा २ ते २.५ किलोवॅटचा सॉ २५ ते ३० सेमीपर्यंत, लो-प्रोफाइल चेनवर, संथपणे चालतो. धूर नाही, हा मोठा फायदा. जाड, पुरेशा क्षमतेची वायर हवी. बारीक आणि लांब वायरीत विजेचा दाब (व्होल्टेज) कमी होतो आणि मोटर तापते. बॅटरीचा सॉ उभ्या मिलवर कडा काढायला ठीक. रुंद फळीत बॅटरी फार लवकर उतरते.

१४. जुना सॉ घेतला तर काय तपासावं?

सायलेन्सर काढा आणि पिस्टनच्या त्या बाजूला टॉर्च मारा. उभे ओरखडे दिसले तर नको. सॉ स्टार्टरच्या दोरीला लटकवा. तो झटक्यात खाली आला तर कॉम्प्रेशन गेलेलं आहे, थांबत थांबत उतरला तर ठीक.

१५. फळी किती जाड कापू? वाळल्यावर वाकतात.

२५ मिमी हवी असेल तर ३० ते ३२ मिमी कापा. आटणं, पीळ आणि रंधा हे सगळं त्यात बसतं. कापल्या दिवशीच टोकांना मेण किंवा जाड रंग लावा. थप्पी लावताना २० ते २५ मिमी चौकोनी सुक्या पट्ट्या दर ४० ते ५० सेमीला, वरपासून खालपर्यंत एकाच उभ्या रेषेत ठेवा. वर वजन द्या, सावलीत पण वाऱ्यावर ठेवा. उघड्यावर वाळायला २५ मिमी जाडीला साधारण एक वर्ष हा जुना अंदाज आहे. हवामान आणि लाकडाप्रमाणे तो बदलतो.

गाभा मधोमध असलेली फळी जवळजवळ नेहमी फुटते, कारण लाकूड वलयांच्या दिशेने त्रिज्येच्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट आटतं. ती फळी गाभ्यावरून दोन भाग करण्यासाठीच काढा.

१६. कोणती सुरक्षा साधनं टाळू नयेत?

कानाचं संरक्षण, चष्मा, चेनसॉची खास पँट, पोलादी टोकाचे बूट आणि भुश्यासाठी एन९५ किंवा तत्सम मास्क. मास्क धूर अडवत नाही. अलास्कन मिलवर चेहरा खाली, सायलेन्सरच्या जवळ असतो आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतं. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहू नका, वारा आडवा घ्या. डोकं दुखायला लागलं की सॉ बंद करून दूर जा. बंद शेडमध्ये चिरू नका आणि एकटे चिरू नका.

१७. अंगणातल्या किंवा रस्त्याकडेच्या झाडात खिळे असतील तर?

असतील असंच धरून चला. मेटल डिटेक्टर फिरवा, आणि टोकांवर निळसर-काळे डाग शोधा. टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) असलेल्या लाकडात लोखंडाभोवती असा डाग पसरतो. डाग दिसला तर तेवढा भाग आडवा कापून टाका. अशा ओंडक्याला जुनी चेन ठेवा. सागवानात धातू नसतानाही धार लवकर जाते, कारण त्या लाकडातच सिलिका असतं.

१८. ओंडका बारपेक्षा रुंद आहे. मोठी मिल घ्यावीच लागेल का?

एका ओंडक्यासाठी नको. उभ्या मिलने दोन बाजूंच्या पाठी (सालीकडचे गोलसर भाग) काढा, रुंदी आटोक्यात येईल. किंवा आधी ओंडका लांबीत मधोमध उभा चिरून दोन अर्धे करा. रुंद फळीच हवी असेल तर दोन्ही टोकांना इंजिन बसणारा बार मिळतो, पण त्याला दोन मोठे सॉ आणि दोन सरावलेली माणसं लागतात.

१९. निलगिरीच्या फळ्या कापता कापताच धनुष्यासारख्या वाकतात. मिलचा दोष?

नाही. झाड वाढतानाच लाकडात ताण साठतो, बाहेरचा थर ओढलेला आणि आतला दाबलेला. एकाच बाजूने फळ्या काढत गेलात तर उरलेला ओंडकाच वाकतो आणि पुढची फळी मध्ये जाड, टोकांना पातळ किंवा त्याच्या उलट निघते. एक फळी वरून काढा, ओंडका १८० अंश फिरवा, पुढची समोरच्या बाजूने, असं आलटून पालटून चला. दर फिरवणीला रूळ पुन्हा लावा (प्रश्न ८). वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. लांबीही कमी ठेवा: वाक लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणून ३ मीटरऐवजी दीड मीटरचा ओंडका घेतला तर तो सुमारे चौथ्या हिश्शावर येतो.